डुबिया, रातकिडे की अळ्या? आमच्या ‘बुवा’च्या खाण्याचा अनुभव

बिअर्डेड ड्रॅगन आणायचा म्हणजे दोन प्रकारचे प्राणी पाळायचे: एक सरडा आणि दुसरे त्याच्या पोटात जाणारे किडे. सरड्याबद्दल दुकानदार भरभरून बोलतो. किड्यांच्या बाबतीत मात्र ‘क्रिकेट्स (म्हणजे रातकिडे) घेऊन जा’ एवढ्यावर विषय संपतो. आमचा ड्रॅगन लेकीच्या हट्टापायी आला, दाढी फुगवतो म्हणून त्याचं नाव बुवा. वीतभर होता तेव्हापासून आता पूर्ण वाढ होईपर्यंत बाजारात मिळणारं जवळजवळ सगळं त्याला घालून झालंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे थंडीचे आणि कुरिअरचे मुद्दे इकडचे आहेत.

सुरुवात रातकिड्यांनीच झाली. त्यांचा एक गुण मान्य करायलाच हवा: ते पळतात, आणि पळणारी वस्तू दिसली की पिल्लू शिकार करतंच. बाकी सगळा वैताग. नर रात्रभर किरकिरतात. डब्यात दोन-चार मेले की असा दर्प सुटतो की गराजचं दार उघडताच कळतं. जगतात जेमतेम दोन-अडीच महिने, त्यामुळे मोठे मागवले तर आठवड्यात मरायला लागतात. सरडा राहतो त्या काचेच्या टाकीत उरलेले किडे रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात, म्हणून झोपायच्या आधी चिमटा घेऊन एकेक शोधत बसायचं. शिवाय २०१० च्या आसपास एका विषाणूने अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्मांची वाताहत केली होती. तेव्हापासून बरेच जण नेहमीच्या तपकिरी जातीऐवजी पट्टेवाली ‘बँडेड’ जात विकतात. ही जरा चिवट आहे, पण उड्याही जोरात मारते. जानेवारीत मागवलेलं एक खोकं दिवसभर दाराबाहेर थंडीत पडलं आणि आतले सगळे गारठून मेले. पैसे परत मिळाले, पण बुवाला दोन दिवस पाल्यावर काढावे लागले. हिवाळ्यात ऑर्डर देताना हीट पॅक (खोक्यात ऊब देणारी पुडी) मागायचाच, आणि जमत असेल तर खोकं कुरिअरच्या ऑफिसातून स्वतः जाऊन आणायचं.

मग डुबिया. हो, झुरळं. सांगलीहून आलेल्या सासूबाई डबा बघून म्हणाल्या, “अगं, आम्ही जन्मभर झुरळं मारली आणि तुम्ही विकत आणता?” देवघर त्याच भिंतीपलीकडे असल्यामुळे डबा लगेच तळघरात हलवावा लागला. पण खरं सांगते, आजवर घरात शिरलेल्या सगळ्या किड्यांत हेच सर्वांत सभ्य. ओरडत नाहीत, गुळगुळीत प्लास्टिकच्या भिंतीवर चढता येत नाही, उडी मारत नाहीत, आणि डबा बऱ्यापैकी कोरडा ठेवला तर वासही येत नाही. पिल्लं घालायला त्यांना ८५-९५ अंश फॅरनहाइटची ऊब लागते. त्यामुळे एखादं निसटलंच तर आपल्या थंडगार स्वयंपाकघरात संसार थाटेल ही भीती नको. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, पाण्याऐवजी गाजराच्या चकत्या किंवा संत्र्याची फोड ठेवायची. आमच्याकडे दुधीची सालंही त्यांना आवडीने जातात. कुत्र्या-मांजरांचं खाद्य मात्र घालायचं नाही. जास्त प्रथिनं मिळाली की झुरळं अंगात युरिक अ‍ॅसिड साठवतात, आणि ते पुढे सरड्याच्या पोटात जातं.

तक्रार एकच. डुबिया धोका वाटला की मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतात. बुवा टक लावून बघतो, समोरचं हलत नाही म्हटल्यावर कंटाळून दिव्याखाली जाऊन बसतो. गुळगुळीत काठाच्या वाटीत टाकले आणि वाटी थोडी हलवली की काम होतं. रातकिड्यांपेक्षा महाग पडतात, पण महिनोन्महिने जगतात, फुकट जात नाहीत, म्हणून हिशेब बरोबरीला येतो. कॅनडातल्या मंडळींना मात्र हा पर्याय नाही, तिथे डुबियाला परवानगी नाही.

किडा कुठलाही घ्या, खरा प्रश्न कॅल्शियमचा. रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस असतो, मीलवर्म नावाच्या अळीत सोळा-सतरा पट. सरड्याला हवं असतं नेमकं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट. नाहीतर शरीर ते हाडांतून काढून घेतं, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून किड्यांना आदल्या दिवशी चांगलं पोटभर चारायचं आणि देताना कॅल्शियमची पावडर लावायची. मी एका पिशवीत चिमूटभर पावडर टाकून त्यात किडे हलवते, भज्यांना पीठ लावल्यासारखे. पिशवीतून काढल्यावर पाच मिनिटांत वाटीत गेले पाहिजेत, कारण किडे अंग साफ करतात आणि पावडर झडून जाते. आणि यूव्हीबीचा, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले अतिनील किरण देणारा दिवा जुना झाला असेल तर पावडरीचा फारसा उपयोग नाही. उजेड दिसतो तसाच दिसतो, पण आतली यूव्हीबी उतरलेली असते.

या नियमाला अपवाद ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’च्या अळ्या. यांच्यात मुळातच कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. दिसायला राखाडी, चपट्या. बुवा लहान असताना सगळ्यांत निर्धास्तपणे दिलेलं खाणं हेच. पण काही अळ्या न चावता गिळतो आणि त्या विष्ठेत जवळजवळ अख्ख्या बाहेर येतात, हे मी टाकी साफ करताना पाहिलंय. म्हणून आता आठवड्यातून एकदाच.

मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवता येतात, एवढी एक सोय. सुपरवर्म या मोठ्या अळ्या फ्रिजमध्ये ठेवलेत तर मरतील. त्या साध्या डब्यात ओट्सवर छान राहतात, आणि गर्दीत असल्या की कोशात जात नाहीत. दोन्हींत चरबी भरपूर, सुपरवर्ममध्ये तर रातकिड्यांच्या अडीचपट. वॅक्सवर्म या अळ्या म्हणजे निव्वळ पेढे. एकदा चटक लागली की बुवा कोलार्ड ग्रीन्स या पालेभाजीच्या ताटलीकडे ढुंकून बघत नाही. औषध देताना किंवा नखं कापताना लाच म्हणून ठीक. हॉर्नवर्म ही हिरवी अळी जवळजवळ सगळं पाणीच. कात टाकायच्या काळात, किंवा नीट पाणी पीत नसेल तेव्हा उत्तम. पण उबदार खोलीत तीन-चार दिवसांत बोटाएवढे होतात, त्यामुळे एकदम मोठा डबा मागवण्यात अर्थ नाही.

या हॉर्नवर्मवरून एक इशारा. परसात टोमॅटो लावलेत तर हीच हिरवी अळी ऑगस्टमध्ये फुकट मिळते, आणि मुलं ती हौसेने उचलून आणतात. ती द्यायची नाही. दुकानातली अळी तयार खाद्यावर वाढवलेली असते, परसातली टोमॅटोच्या विषारी पानांवर. त्याहून वाईट म्हणजे काजवे. जूनच्या अखेरीस आमच्या लॉनवर संध्याकाळी काजवेच काजवे असतात, आणि एक काजवा बिअर्डेड ड्रॅगनला मारायला पुरतो. मुलं बुवाला अंगणात नेतात तेव्हा ऊन असतानाच, आणि तेही कडेवर घेऊन.

आता बुवा मोठा झाल्यामुळे रोजचं जेवण पालाच: कोलार्ड, मोहरीची पानं, कधी भोपळ्याचा कीस. किडे आठवड्यातून तीनदा: दोनदा डुबिया, एकदा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. रातकिडे बंद केले आणि घरात कुणालाही त्यांची आठवण आली नाही. पिल्लू आणणार असाल तर डुबिया दोन आकारांत मागवा. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नसतो, आणि पिल्लू इतक्या झपाट्याने वाढतं की महिन्यापूर्वीचा आकार त्याला चणे-फुटाणे वाटतो. छोटे उरलेच, तर ते डब्यात आरामात मोठे होतात.