जुनी एअर रायफल ‘नव्यासारखी’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

बीएसए म्हटलं की आपल्याकडे सायकल आठवते. ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, १८६१ सालची. नोकरीनिमित्त या गावात आलो आणि त्यांच्या जुन्या छर्र्याच्या बंदुकांचा नाद लागला. लिंकन जेफ्रीज या इथल्याच बंदूककाराने १९०४ मध्ये पेटंट घेतलेली ती रचना: नळीखालचा दांडा ओढून स्प्रिंग चढवायची, वरच्या छोट्या तोटीत छर्रा टाकायचा, तोटी फिरवायची आणि चाप ओढायचा.

पहिल्या महायुद्धानंतरची अशी एक रायफल लिलावात मिळाली. बोलीची रक्कम, वर लिलावघराचं कमिशन, त्या कमिशनवर व्हॅट. दस्त्यावर ओरखडे, नळीवर गंजाचे ठिपके, पिस्टनचं चामडी वॉशर वाळून खडंग. आहे त्या स्थितीत विकली होती, त्यामुळे लिलावघराबद्दल तक्रार नाही. फसवलं ते दुरुस्तीवाल्याने. पैसे थेट खात्यावर टाकले तर सूट देतो म्हणाला. ही सूट महागात पडते. इंग्लंडमध्ये शंभर पौंडांवरच्या कामाचे पैसे क्रेडिट कार्डने दिले, तर १९७४ च्या कायद्यानुसार कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. खात्यावर टाकलेल्या पैशांना ते संरक्षण नाही, हे त्या गृहस्थाला पक्कं ठाऊक असणार.

रायफल परत आली ती आरशासारखी चमकत. घरचे खूश! मी भिंग घेऊन बसलो. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची बीएसएची खूण बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासून जवळजवळ पुसली गेली होती. कडा गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेले. तेलाचा बोळा फिरवला तर कापडाला काळं लागलं, म्हणजे ब्लूइंगच्या (पोलादावर गंजरोधक निळसर-काळा थर चढवण्याच्या) नावाखाली बाटलीतलं द्रावण चोपडलेलं. दस्त्यावरची जाळीदार नक्षी व्हार्निशखाली बुजून गेलेली. शंभर वर्षांचा गंज परवडला, ही असली पॉलिश नको.

ताबा देताना त्याने यंत्रावर छर्र्याचा वेग मोजून दाखवला होता. आकडा झकास, पण नळीतून धूर आणि जळक्या तेलाचा वास. सिलिंडरमध्ये तेल जास्त झालं की दाबाने ते डिझेल इंजिनासारखं पेटतं आणि पहिले काही छर्रे उगाच जोरात जातात. नेमबाजीच्या क्लबात तेल जळून गेल्यावर आकडा धपकन खाली आला. इथे १२ फूट-पाउंडांच्या (हे छर्र्याच्या ऊर्जेचं माप) वर गेलेली एअर रायफल परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा ‘पॉवर वाढवून दिली’ हे ऐकून खरं तर घाबरायलाच हवं.

उरलेला जोर कुठे जात होता ते टिश्यू पेपरने कळलं. त्याची बारीक पट्टी तोटीशेजारी धरून चाप ओढला, तर पट्टी फडफडली. निमुळती तोटी आपापल्या बंदुकीत घासून चपखल बसवलेली असते, दुसरीकडची आणून ठोकली की हवा गळते. पाठवण्याआधीचे फोटो काढून पाहिले: माझ्या तोटीच्या कडेवर टवका उडालेला होता, हिच्यावर नाही. फोन केला तर म्हणाला, ‘जुने भाग झिजले होते, टाकून दिले.’ ते मूळ भाग बाजारात चांगल्या किमतीला जातात.

म्हणून सुटे भाग उलगडून प्रत्येकाचे जवळून फोटो काढून ठेवा. काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी मोडकी स्प्रिंगसुद्धा, परत मिळेल असं लेखी घ्या. नळी आणि अक्षरांना बफ लावायचा नाही हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाईन असं फोटो जोडून कळवल्यावर त्याने निम्मे पैसे परत केले. तोटी मात्र दिली नाही. आता योग्य मापाची शोधतोय. कुणाकडे असेल तर आधी फोटो पाठवा.