तांब्याचा २० लिटरचा बंब: कुठला आवाज चालेल, कुठला नाही

मधून विस्तवाची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यानपिढ्या घडत आलेला हा बंब अंघोळीच्या पाण्यासाठी आजही घ्यावा असाच आहे. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला खणखणीत वाळलेलं अर्धा ते पाऊण किलो लाकूड पुरतं. मात्र तांबं स्टीलच्या पंचवीसपट उष्णता वाहतं, म्हणून पाणीही तेवढंच झटपट तापेल, असं कोणी सांगितलं तर मानू नका. खरा अडथळा ज्वाळेपासून पत्र्यापर्यंत असतो, आणि नळीत काजळी साचली की तांबं काय नि स्टील काय, दोन्ही सारखीच रखडतात.

नव्या बंबाबद्दल सगळ्यात जास्त तक्रार येते ती आवाजाची. पेटवल्यावर थोड्या वेळाने येणारा बारीक ‘सूं’ हा दोष नव्हे. नळीला चिकटलेलं पाणी उकळू लागतं, बाकीचं अजून गार असतं. वाफेचे बुडबुडे सुटतात आणि गार पाण्यात शिरताच मिटतात. सगळं पाणी उकळीला आलं की हा आवाज थांबून खळखळ सुरू होते. अंघोळीला तेवढी उकळी लागत नाही. ‘सूं’ चांगला चढला की जळकी लाकडं बाहेर ओढावीत. विस्तव विझल्यावर होणारी टिकटिकही आकसणाऱ्या पत्र्याची आणि जाळीची असते, तिचं मनावर घेऊ नये.

ठोके मात्र मनावर घ्यावेत. आतून कोणी मूठ मारावी तसा ‘धप, ठक, धप’ आवाज आला की नळीवर क्षार बसला, असं समजावं. बोअरच्या जड पाण्यात हे फार लवकर होतं. क्षाराच्या थराखाली झिरपलेलं पाणी कोंडतं, त्याची एकदम वाफ होते आणि ती थर उचकटून बाहेर पडते. झाकण काढून विजेरीने पाहिलं की नळीवरचं पांढुरकं, खरबरीत कवच दिसतं. बंब पूर्ण गार करावा. लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला अर्धा किलो लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून भरावं आणि फसफस थांबेपर्यंत, साधारण दोन-तीन तास, ठेवावं. रात्रभर ठेवू नये. आम्ल तांब्यालाही खातं आणि आत कल्हई असेल तर तिलाही. मग दोनदा खळबळून धुवावं आणि पुढचं पहिलं बंबभर पाणी ओतून द्यावं. सळईने खरवडणं टाळा, सांधे जोडणाऱ्या झाळीला (डागाला) ओरखडा गेला की गळती लागलीच.

विस्तवातून ‘स्स्स’ आलं तर आधी लाकूड पाहा. ओल्या लाकडाच्या टोकाला फेस येतो आणि लाकूड पेटल्यावर आवाज थांबतो. तो थांबतच नसेल आणि राखेत एकाच जागी काळा ओला ठिपका पडत असेल, तर झाळ सुटली आहे. हे बहुधा रिकामा बंब पेटवल्याने होतं. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. पाणी असेपर्यंत पत्रा तिथवर जात नाही, पाणी नसेल तर काही मिनिटांत जातो. झाळ पुन्हा तांबटाकडूनच लावून घ्यावी, वरून सील लावून ती टिकत नाही.

‘भप्प, भप्प’ करत धूर खालून उलटा येत असेल तर हवा कोंडली आहे. राखेने जाळी बुजलेली असते, नाहीतर करवंट्या एकदम ओंजळभर टाकलेल्या असतात. राख काढा, करवंट्या दोन-दोन टाका. बांबू घालायचा तर आधी चिरून घ्या. बंद पेर फटाक्यासारखं फुटतं. आणि नळीतून सलग सुसाट घोंगावणं सुरू झालं, तर आतली काजळीच पेटली आहे. खालचं तोंड पत्र्याने झाका, हवा तोडा. नळीत पाणी ओतू नका, उसळलेली वाफ तोंडावर येईल.

झाकण थडथडतं म्हणून त्यावर दगड ठेवलेला बऱ्याच घरी दिसतो. तो आत्ताच्या आत्ता काढा. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजारपटीहून जास्त जागा मागते. झाकण सैल असणं हीच बंबाची सुरक्षा आहे. बंद न्हाणीघरातही पेटवू नये, निखाऱ्यांचा विषारी वायू कळतही नाही.

घेताना तीन गोष्टी पाहा. जाळी हाताने सुटी निघाली पाहिजे, वरून नळीत ब्रश सरळ खालपर्यंत उतरला पाहिजे आणि झाकणातून नळीच्या बुडाची झाळ दिसली पाहिजे. दुकानातच काठोकाठ पाणी भरून घ्या, बंब कोरड्या वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं उभा करा आणि उचलून कागद बघा.