मेलमधली सभ्यता तपासायला कॉन्व्होकिट की भाषा मॉडेल?

ग्राहकांना जाणारे इंग्रजी मेल पाठवण्याआधी सभ्यतेच्या चाळणीतून काढायचे, तर माझ्या मते विचार करण्याजोगे पर्याय दोनच. एक, कॉर्नेल विद्यापीठाचं कॉन्व्होकिट, म्हणजे संभाषणं तपासायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर; त्यातला सभ्यता तपासणारा भाग नियमांवर चालतो. दुसरा, एखाद्या मोठ्या भाषा मॉडेललाच (चॅटजीपीटीसारख्या एआयला) सरळ विचारणं. टीमसाठी मी दोन्ही वापरून पाहिले.

टोमणा ओळखण्यात मॉडेल सरस, यात वाद नाही. ‘थँक यू सो मच फॉर फायनली ओपनिंग माय अटॅचमेंट’ या वाक्यावर कॉन्व्होकिट निमूटपणे आभाराची खूण करतं. मॉडेलला त्यातला ‘फायनली’ लगेच बोचतो.

शिवाय कॉन्व्होकिटच्या या भागाचं मूळ २०१३ च्या स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात आहे. विकिपीडिया आणि स्टॅक एक्स्चेंजवरच्या दहा हजारांहून जास्त विनंत्यांना माणसांकडून गुण घेतले होते, आणि गुण देणारे सगळे अमेरिकेत राहणारे. विकिपीडियाच्या विनंत्यांवर त्या अभ्यासातल्या प्रोग्रामची अचूकता ८४ टक्क्यांच्या आसपास, माणसांची ८७ च्या. वाचायला छान वाटतं. पण ही परीक्षा फक्त दोन टोकांची होती: सर्वांत सभ्य पाव हिस्सा आणि सर्वांत उद्धट पाव हिस्सा. मधला अर्धा वगळलेला, आणि ऑफिसचे बहुतेक मेल त्याच अर्ध्यात मोडतात! त्याच अभ्यासात वाक्याच्या मधला ‘प्लीज’ सभ्य ठरला, सुरुवातीचा मात्र उलट. ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिणाऱ्या आपल्या ऑफिसांचं मग काय होणार, ते सांगायला नको.

तरीही माझ्यापुरता निकाल कॉन्व्होकिटच्या बाजूने लागला, तो मॉडेलच्या एका कटकटीमुळे. तोच मेल मॉडेलला सकाळी विनम्र वाटतो, संध्याकाळी किंचित तुटक. उत्तरांतला चढउतार ठरवणारं ‘टेंपरेचर’ हे सेटिंग शून्यावर आणल्यावर फरक कमी झाला, पण मॉडेलची आवृत्ती बदलली की पुन्हा तेच. वर दोन्ही वेळा कारणं अशी पटवून देतं की वाद घालायला जागा नाही. टीममधल्या मुलीने विचारलं, “सर, काल हेच वाक्य चाललं होतं ना?” तिला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कॉन्व्होकिट निदान कुठल्या शब्दामुळे कुठली खूण लागली ते दाखवतं. गुण कसे लावायचे ते आपण ठरवायचं. सुरुवातीच्या ‘प्लीज’ची खूण मी आमच्या हिशेबातून काढून टाकली, विषय संपला.

तुमच्याकडे मेल थोडे आणि टोमणे फार असतील, तर कदाचित मॉडेलच बरं पडेल. मराठी मेलसाठी तर कॉन्व्होकिटचा हा भाग उपयोगाचाच नाही, तिथे मॉडेललाच विचारावं लागतं. पण तेही ‘आपण फारच कर्तबगार आहात’ला कधीकधी शाबासकी समजतं. त्यामुळे मराठी मेल आमच्याकडे अजून माणूसच वाचतो.