ऑराम ३००० हातमशीन: आधी माती तपासा, मग मशीन बघा

कर्ज न काढता, जमेल तसं, जमेल तेवढं असं घर बांधणाऱ्यांना भिंतीसाठी दोनच वाटा दिसतात. एक, भट्टीची वीट विकत घ्यायची. दुसरी, आपल्याच जागेतली माती वापरायची. या दुसऱ्या वाटेसाठी, म्हणजे माती दाबून विटा पाडायला, भारतात मिळणारं सर्वांत भरवशाचं हातमशीन म्हणजे ऑराम ३०००. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने ते घडवलं आणि तिथल्याच ऑरेका या कारखान्यात ते तयार होतं. या जातीच्या मशीनचा मूळपुरुष १९५०च्या दशकात कोलंबियात बनलेला सिन्वा-राम. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा दाबविटांवर, म्हणजे मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या विटांवर, मोठं काम झालं आहे.

मशीनला वीज लागत नाही. लोखंडी साचा, त्यावर झाकण आणि एक लांब दांडा, एवढाच पसारा. साच्यात ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दांडा खाली ओढायचा. दांड्याच्या त्या एका ओढीत १५ टनांपर्यंत दाब बसतो. दांडा उलट फिरवला की वीट वर येते. साचे बदलता येतात आणि खरी किंमत तिथेच आहे. अख्ख्या विटेबरोबर अर्धी आणि पाऊण वीटही साच्यातच निघते. कुऱ्हाडीने किंवा थापीने तोडलेल्या दाबविटेचा कोपरा हमखास ढासळतो. त्यामुळे मशीन मागवताना अर्ध्या-पाऊणचे साचे सोबतच घ्या, नंतर बघू म्हणू नका.

आता हिशेब. २४ × २४ × ९ सेंमीच्या विटेचं वजन साधारण १० किलो भरतं. दोन विटांमध्ये एक सेंमीचा सांधा धरला तर २४ सेंमी जाडीच्या एका चौरस मीटर भिंतीला ४० विटा लागतात. २० फूट × २० फूट घराच्या बाहेरच्या भिंती आणि आतल्या दोन आडव्या भिंती मिळून, दारं-खिडक्या वजा करून, ८० चौरस मीटरच्या आसपास भिंत होते. म्हणजे ३,२०० विटा, फुटतूट धरून ३,५००. पाच टक्के सिमेंट म्हणजे विटेला अर्धा किलो, एका पोत्यात १०० विटा, एकूण ३५ पोती. चाळून टाकाव्या लागणाऱ्या खड्यांसह माती १० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). नुसत्या मिश्रणाला साडेतीन हजार लिटर पाणी, आणि नंतर विटांवर मारायचं पाणी वेगळं.

मशीनची कामगिरी मातीवर ठरते, आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं ते याच ठिकाणी. चांगल्या मातीत ढोबळमानाने १५ टक्के खडे, ५० टक्के वाळू, १५ टक्के गाळ आणि २० टक्के चिकणमाती हवी. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची माती जशीच्या तशी या कामाची नाही. पाण्याने ती फुगते, उन्हाने आटते, आणि पाच टक्के सिमेंटने तिला आवर बसत नाही. तिच्यात भरपूर वाळू किंवा क्रशरची कच मिसळावी लागते. मग वाळूच्या गाड्यांचा खर्च बघून मुरूम आणणं स्वस्त पडतं का, ते मोजा. लालसर मुरमाड माती मात्र थोडी चाळून-मिसळून बहुधा जमते. खाडीकाठची खारवट माती घेऊच नका, भिंतीवर मीठ फुटतं आणि पृष्ठभाग सालीसारखा निघतो. वरचा फूटभर थर मुळं-पाल्याचा असतो, तो बाजूला काढून परसात पसरा. त्याखालची माती विटेची.

तपासणी घरच्या घरी होते. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा, तासाभराने पुन्हा हलवा. दुसऱ्या दिवशी खडे-वाळू, गाळ, चिकणमाती असे थर पट्टीने मोजा. चिकणमाती पाण्यात फुगलेली असते, म्हणून तिचा थर दिसतो त्याहून थोडा कमी धरा. दुसरी परीक्षा आटण्याची. ६० सेंमी लांब, चार सेंमी रुंद, चार सेंमी खोल लाकडी पेटीत ओली माती ठासून भरा आणि सावलीत आठवडाभर ठेवा. मातीची पट्टी लांबीत दीड सेंमीच्या आत आटली तर पाच टक्के सिमेंट पुरतं. तीन सेंमीच्या पुढे गेली तर वाळू घाला आणि पेटी पुन्हा भरा. या दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय मशीनचे पैसे भरू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

विटा पाडताना पाण्याचा अंदाज चुकला की सगळं चुकतं. मिश्रणाचा मुठीत गोळा वळा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, नुसताच चपटा झाला तर जास्त. कमी पाण्याच्या विटेला आडवी चीर जाते, जास्त पाण्याची वीट साच्याच्या पत्र्याला चिकटून बसते. माती १० मिमीच्या तिरप्या चाळणीतून चाळायची, सिमेंट घालून दोनदा कोरडी पलटायची, मग झारीने पाणी शिंपडत दोनदा ओली पलटायची. पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात मिश्रण संपलं पाहिजे. सिमेंट धरायला लागल्यावर दाबलेली वीट दिसते छान, पण ताकद गेलेली असते. म्हणून नवख्या माणसांनी एका वेळी पाव पोतंच सिमेंट घ्यावं, त्यात २५ विटा होतात.

साचा भरताना चारही कोपऱ्यांत मुठीने माती दाबा. मधे भरपूर आणि कोपऱ्यांत पोकळ अशी वीट बाहेर येते तेव्हा वरून तुकतुकीत असते, पण बोटाने कोपरा चोळला की रेती सुटते. भरायला एकच मापाचा डबा ठेवा आणि तो वरून फळीने सपाट करा. नाहीतर एक वीट ९ सेंमी आणि दुसरी साडेनऊ होते, मग गवंडी सांधे जाड-बारीक करत बसतो. झाकणाच्या कडेत अडकलेला खडा दर वेळी पुसून काढा. बोटं झाकणाखाली जाणार नाहीत आणि दांड्याच्या फेऱ्यात कोणी उभं राहणार नाही, हे एका माणसाने फक्त बघत राहावं. रोज संध्याकाळी साचा पाण्याने न धुता डिझेलच्या फडक्याने पुसा, सांध्यांना ग्रीस द्या.

सरावलेल्या सात-आठ जणांच्या टोळीचा दिवसाचा आकडा हजाराच्या घरात सांगितला जातो. घरच्या माणसांनी निम्मा धरावा, पहिल्या आठवड्यात त्याहूनही कमी. कर्ज नसल्याने घाई नाही, हा या पद्धतीचा मोठा आधार. शनिवार-रविवार विटा पाडल्या, रचून ठेवल्या, पैसे आले की पुढचं काम काढलं, असं चालतं. पहिले दोन दिवस थप्पी प्लॅस्टिकखाली बंद ठेवायची आणि मग चार आठवडे पाणी मारायचं, दिवसातून तीन-चार वेळा. यात कुचराई झाली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापर्यंत विटा उरकणं उत्तम. एप्रिलमध्ये पाणीही आटतं आणि वीटही भराभर सुकून तडकते.

बांधकामाला निव्वळ सिमेंट-वाळूचा कडक माल वापरू नका. एक भाग सिमेंट, दोन भाग माती, सहा भाग वाळू हे माप विटेच्या स्वभावाला जुळतं. भिजलेल्या विटेची ताकद कोरडीच्या साधारण निम्मी राहते. म्हणून जोतं दगडाचं किंवा जांभ्याचं, जमिनीपासून निदान दीड फूट, आणि पागोळ्या भिंतीपासून अडीच फूट पुढे. कोकणात तीन फूट ठेवा. एवढं केलं तर बाहेरून गिलावा लागत नाही, तोही खर्च वाचतो.

मातीची भिंत म्हटलं की लोकांना ३० सप्टेंबर १९९३चं किल्लारी आठवतं, आणि ती भीती खरी आहे. तिथे कोसळली ती चिखलात रचलेली जाड दगडी भिंत आणि तिच्यावरचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. दाबवीट वेगळी आहे, पण भूकंपाच्या पट्ट्यात जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर (लिंटेलवर) आणि छपराखाली असे तीन आरसीसी पट्टे घालाच. शिवाय पोकळ विटांचा साचा घेऊन कोपऱ्यांत उभी सळई सोडा. विटांसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानक आहे. गावातल्या अभियंत्याला विश्वास नसेल तर त्याच्यासमोर ते ठेवा आणि दहा विटा जवळच्या प्रयोगशाळेत फोडून घ्या.

मशीनमुळे फक्त भिंत स्वस्त होते. पाया, छप्पर, दारं-खिडक्या, वीज, नळ यांचा खर्च जागच्या जागी राहतो. एका घराच्या साडेतीन हजार विटांसाठी नवं मशीन घेणं आम्हाला परवडणारं वाटत नाही. तीन-चार घरांनी मिळून घ्यावं, किंवा भाड्याने मिळालं तर घ्यावं. जुनं घेत असाल तर साच्याच्या आतल्या पत्र्यावर बोट फिरवा. खोल चरे पडले असतील किंवा पाडलेल्या विटेच्या कडा गोलसर येत असतील, तर अस्तराचा पत्रा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. आणि माती कुठून काढणार ते आधीच ठरवा. गौण खनिजाच्या परवानगीचं तलाठ्याकडे विचारून घ्या. खड्डा अशा जागी आणि अशा मापाचा काढा की पुढे तोच पावसाच्या पाण्याची टाकी होईल. १० ब्रास माती निघाली की २५ हजार लिटरच्या आसपास पाणी मावेल एवढी जागा तयार होते.