‘तेनझिंग’ : सहलेखकांच्या श्रेयाची नोंद ठेवणारे साधन

शोधनिबंधात कोणी काय केले, हा हिशेब आपल्याकडे बहुधा निबंध नियतकालिकाकडे पाठवण्याच्या वेळी मांडला जातो, आणि वादाला तोंड फुटते ते तिथेच. तो आधीपासून लिहून ठेवण्यासाठी ‘तेनझिंग’ हे मोफत ऑनलाइन साधन आहे. २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकातील निबंधातून त्याची ओळख करून देण्यात आली. नाव अर्थातच एडमंड हिलरी यांच्यासोबत एव्हरेस्ट प्रथम सर करणाऱ्या तेनझिंग नोर्गे यांचे, आणि सहकाऱ्यांच्या श्रेयाची नोंद ठेवणाऱ्या साधनाला ते समर्पक आहे.

वापर सोपा आहे. गूगल शीट्समधील तयार तक्त्यात प्रत्येक सहलेखक आपले नाव, संस्था आणि आपण पार पाडलेल्या भूमिका भरतो. या भूमिका ‘क्रेडिट’ (CRediT) या संशोधनातील योगदानांच्या वर्गीकरणातील चौदा आहेत : संकल्पना, विश्लेषण, सॉफ्टवेअर, निधी मिळवणे, देखरेख, पहिला मसुदा इत्यादी. भरलेला तक्ता साधनाला दिला की लेखकांची यादी आणि योगदानाचे निवेदन तयार मिळते. पाच-सहा संस्थांचे पत्ते क्रमांकांसह जुळवण्याची कटकट वाचते, एवढ्यासाठीही ते वापरावे.

खरा लाभ मात्र रकाने भरताना होतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार केवळ निधी मिळवल्याने किंवा सर्वसाधारण देखरेख केल्याने कोणी लेखक ठरत नाही. ज्या विभागप्रमुखांच्या ओळीत एवढ्या दोनच खुणा आहेत, त्यांचे नाव आभारात जायला हवे, हे तक्ता सर्वांसमोर दाखवतो. अर्थात खोटी खूण करणाऱ्याला अडवण्याची सोय त्यात नाही, आणि ज्येष्ठांनी केलेली खूण खोडायला सांगणार कोण?

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नावांचा क्रम कसा असावा, हे साधन ठरवत नाही. तो आपणच भरायचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनपेक्षा अधिक लेखक असल्यास पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाला प्राध्यापकांच्या पदोन्नतीत धरल्या जाणाऱ्या निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के, तर इतर प्रत्येकाला ३० टक्के मिळतात. म्हणजे संपूर्ण विश्लेषण करणारा तिसरा लेखक आणि मसुदा एकदा वाचून देणारा पाचवा लेखक पदोन्नतीच्या हिशेबात सारखेच. चौदा भूमिकांची नोंद तिथे कोणी विचारात घेत नाही.

तरीही चार-पाचपेक्षा जास्त सहलेखक असतील, तर आराखडा ठरतानाच हा तक्ता उघडावा आणि पहिल्या लेखकाचे नाव त्याच बैठकीत लिहून घ्यावे. दोघांच्या निबंधाला त्याची गरज नाही.