रात्रीच्या बॅकअपची पाइपलाइन : जीझिप, एक्सझेड की झेडस्टँडर्ड?

सांगलीतील एखाद्या पतसंस्थेचा किंवा अडत पेढीचा डेटाबेस दररोज रात्री साताऱ्यातील सर्व्हरवर पाठवायचा असेल, तर डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढणारी आज्ञा, तिच्यापुढे कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा आकसवणे, आणि शेवटी तो दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे नेणारे एसएसएच अशी पाइपलाइन, म्हणजे एकीचे आउटपुट थेट दुसरीला देणारी आज्ञांची साखळी, बहुतेक जण लिहितात. (बॅकअप दुसऱ्या गावी का ठेवायचा, हे ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर सांगलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.) मधल्या जागी कॉम्प्रेशनचे कोणते साधन बसवावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

डिस्कवरची तयार फाइल लहान करताना आपण अंतिम आकार पाहतो. पाइपमध्ये मात्र सर्वांत मंद टप्पा बाकीच्यांचा वेग ठरवतो, कारण लिनक्सवर साधारणपणे ६४ किलोबाइटांचा असलेला पाइपचा बफर भरला की मागची आज्ञा थांबूनच राहते. समजा, अपलोडचा वेग १०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट आहे आणि डंपचा मजकूर एक पंचमांश होतो. अशा वेळी लाइन पूर्ण वापरायची तर कॉम्प्रेशनच्या साधनाने सेकंदाला सुमारे ६२ मेगाबाइट मूळ डेटा गिळला पाहिजे. निवड ठरते ती या आकड्यावर.

प्रोसेसरच्या एका कोअरवर चालणारा जीझिप नेहमीच्या सहाव्या पातळीवर (पातळी जितकी वरची, तितकी फाइल लहान आणि काम मंद) तेथे बहुधा अपुरा पडतो. तो १९९२ सालचा आहे आणि मागचा केवळ ३२ किलोबाइटांचा मजकूर लक्षात ठेवतो, त्यामुळे दूरवरच्या पुनरावृत्तीचा त्याला उपयोग करता येत नाही. तरीही पलीकडचा सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल, तर तोच घ्यावा, कारण तो जवळपास सर्वत्र असतो. वेग हवा असेल, तर सर्व कोअर वापरणारा पिगझ् त्याच्या जागी बसवता येतो आणि त्याचे आउटपुट साधा जीझिपही उघडतो.

एक्सझेड बहुधा सर्वांत लहान फाइल देतो, पण सेकंदाला काही मोजकेच मेगाबाइट पुढे सरकवणाऱ्या एका कोअरमागे आपली लाइन रिकामी बसते. शिवाय नवव्या पातळीवर त्याला ६७४ मेबिबाइट मेमरी लागते (सहाव्या पातळीवर ९४) आणि थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामे) वाढवले की ती आणखी वाढते, हे जुन्या सर्व्हरला परवडत नाही. मार्चअखेरची खातेवही एकदाच बंद करून वर्षानुवर्षे ठेवायची असेल, तेथे मात्र मी एक्सझेडच निवडेन. २०२४ साली त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवल्याचे उघडकीस आले होते. त्यामुळे साधन टाकून देण्याचे कारण नाही, आवृत्ती तेवढी तपासावी. बीझिप२ या आणखी एका जुन्या साधनात नव्या कामासाठी घेण्यासारखे काही उरलेले नाही.

रोजच्या कामासाठी माझे मत झेडस्टँडर्डच्या बाजूने आहे. नेहमीच्या तिसऱ्या पातळीवरच तो साधारणपणे जीझिपइतकी किंवा त्याहून लहान फाइल कितीतरी वेगाने देतो, त्याला सर्व कोअर वापरायला सांगता येते, आणि लाइनचा वेग बदलेल तशी पातळी आपोआप बदलण्याचा पर्यायही त्यात आहे. पातळी वाढवली, तरी उलगडण्याचा वेग फारसा घटत नाही, ही बाब रिस्टोअरच्या रात्री मोलाची ठरते. अडचण जुन्या यंत्रणांची आहे : अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या जीएनयू टारला हा प्रकार १.३१ या आवृत्तीपासून ओळखता येतो. एकाच इमारतीतल्या वेगवान नेटवर्कवर एलझेड४ हा कमी आकसवणारा पण अतिवेगवान पर्याय अधिक सोयीचा, कारण तेथे प्रोसेसरच अडसर होतो.

कोणतेही साधन घेतले, तरी कॉम्प्रेशन एन्क्रिप्शनच्या आधीच करावे, कारण एन्क्रिप्ट झालेला डेटा आकसत नाही. आणि एसएसएचचे स्वतःचे कॉम्प्रेशन मग बंदच ठेवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट पाइपच्या निकालाची आहे. डंपची आज्ञा मध्येच कोसळली, तरी पुढचे साधन मिळालेला अर्धा डेटा नीट बंद करते, फाइलची चाचणीही उत्तीर्ण होते, आणि आज्ञा चालवणारा बॅश हा शेल शेवटच्या आज्ञेचा निकाल पाहून काम यशस्वी झाल्याचे कळवते. म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी पाइपफेल (कोणताही टप्पा फसला तर पूर्ण पाइप अपयशी धरणारा बॅशचा पर्याय) चालू करावे, पलीकडे फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि सगळे टप्पे यशस्वी झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे.