हेडसेट माइक घ्यायचाय? आधी मागून बोलून बघा

लॅमिंग्टन रोडला हेडसेट माइक घ्यायला निघालेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. तिथल्या एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माइक माझ्या गळ्यात मारला. नकली माल मुंबईला नवा नाही. पण हा माइक दुकानात खरोखर छान वाजला होता, आणि खरी गोम तिथेच आहे.

आमचं गोंधळाचं पथक आहे. संबळ कमरेला, दोन्ही हात काठ्यांत अडकलेले आणि गाणंही मीच म्हणतो. स्टँडवरचा माइक असला की एका जागी खिळून राहावं लागतं, आणि गोंधळ काय असा खिळून होतो? म्हणून हेडसेट. त्यातही कार्डिऑइडच हवा, म्हणजे समोरून येणारा आवाज घेणारा आणि मागचा बराचसा सोडून देणारा. तोंडापासून हात-दीड हातावर संबळ कडाडत असताना चारी बाजूंनी ऐकणारा माइक काय कामाचा?

दुकानदाराला हे सगळं सांगितलं. खोक्यावर कार्डिऑइडचं चित्र, माइकच्या टोकाला मागे बारीक खाचा, भावही संशय येण्याइतका कमी नाही. खऱ्याच्या निम्म्याहून थोडा वरच. त्याने माझ्या कानाला माइक लावला, काउंटरवरचा छोटा स्पीकर चालू केला आणि म्हणाला, ‘बोलो दादा, ओरिजिनल पीस है.’ स्पीकरचं तोंड रस्त्याकडे, मी स्पीकरच्या मागे. आवाज मोकळा, स्वच्छ, माइक जरा सरकला तरी तसाच.

तसाच असणारच, कारण आत चारी बाजूंनी ऐकणारी ओम्नी कॅप्सूल (माइकचा आवाज पकडणारा भाग) होती. ओम्नी वाईट नसते. नाटकात, निवेदनाला ती मुद्दाम वापरतात. जवळ आणली तरी आवाज घुमत नाही, जरा इकडेतिकडे सरकली तरी चालतं. म्हणजे शांत दुकानात, आवाज कमी ठेवून ऐकवायची असेल तर तीच बाजी मारते.

परळच्या एका हॉलमध्ये लग्नाचा गोंधळ होता. साऊंडवाल्याने मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, माझ्याकडे फिरवले, माइकच्या आवाजाचा फेडर जरा वर नेला आणि शिट्टी सुरू, कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरत होता. खाली आणला तर गाणं ऐकू येईना. हेडफोन लावून तो म्हणाला, ‘दादा, तुमच्यापेक्षा संबळच जास्त गातोय.’ शेवटी गाणं साथीदाराच्या हातातल्या माइकवर उरकलं.

नंतर साऊंडवाल्यानेच तो नकली माइक हातात घेऊन फोमची टोपी काढली. आधी समोरून बोलला, मग त्याच अंतरावरून मागून. आवाजात काडीचा फरक नाही. मग टाचणी घेऊन मागच्या खाचा टोचायला लागला. टाचणी कुठेच आत जाईना. खाचा म्हणजे प्लास्टिकवर उठवलेली नक्षी होती, आरपार एकही नाही! कार्डिऑइडला मागून वाट असावीच लागते, कारण त्या वाटेने शिरलेल्या आवाजामुळेच मागचा आवाज कापला जातो. वाटच नाही तर कार्डिऑइड कसला?

तेव्हा दुकानात स्पीकर तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा आणि आवाज वाढवा. समोरून-मागून बोलून बघा. मागच्या खाचा बोटांनी झाका, खऱ्या कार्डिऑइडचा आवाज लगेच बदलतो. ओठांजवळ आणला की खर्ज फुगतो का तेही ऐका. ओम्नीत फुगत नाही. जमलं तर वाद्य घेऊनच जा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

बिलाचंही सांगतो. ‘पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल’ म्हणून दुकानदाराने ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी दिली. त्यावर दुकानाचं नाव नाही, सीरियल नंबर नाही. पैसे यूपीआयने घेतले तेही कुणा वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. परत गेलो तर ‘हा माल आमचा नाहीच.’ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथेही दुकानाचं तेच उत्तर. पैसे गेले ते गेलेच. खात्यावरचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळत नसेल तर यूपीआय पिन टाकण्याआधीच थांबा.

‘कुठल्याही सेटला चालेल, फक्त वायर बदलून देतो’ ही आणखी एक थाप. शुअर कंपनीच्या बॉडीपॅकला, म्हणजे कमरेला अडकवायच्या वायरलेस डबीला, चार पिनांचा मिनी कनेक्टर असतो, एकेजीला तीन पिनांचा, सेनहायझरच्या इव्होल्यूशन सेटला आटे असलेली ३.५ मिलिमीटरची पिन. नुसता आकार जुळवून भागत नाही, पॅक कॅप्सूलला किती व्होल्ट देतो आणि कोणत्या पिनवर देतो तेही जुळायला हवं. आणि कंडेन्सर (चालायला वीज लागणारा) हेडसेट साध्या वायरने मिक्सरला जोडून ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे मिक्सरकडून माइकच्या वायरीतून येणारी वीज, चालू केलंत तर कॅप्सूल कायमची जाऊ शकते. त्यासाठी वेगळा ॲडाप्टर लागतो, तो कंपनीचाच घ्या.

आता मी डायनॅमिक (वीज न लागणारा) हेडसेट वापरतो, पक्क्या बिलाचा. जड आहे, घामाने पट्टी सरकते, म्हणून गालावर मायक्रोपोर टेप लावतो आणि माइक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवतो. थेट तोंडासमोर आला तर ‘प’ आणि ‘फ’ला धडाधड फुटतो. आवाज त्या नकलीइतका चकचकीत नाही. पण संबळ मागे राहतो आणि मॉनिटरचा आवाज वाढवता येतो.